नर्सिंग झालंय, आता ग्लोबल पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करायचंय, बाहेर जाऊ की इथेच?

सत्तरीची_बाय

नमस्कार सगळ्यांना. मी गोव्याची, बांबोळीला बीएस्सी नर्सिंग केलं, आता सत्तरीत एका आरोग्य केंद्रात कंत्राटावर आहे, घर केरीच्या बाजूला. बरेच दिवस मनात आहे की पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करावं, पण शोधायला बसलं की लंडन, लिव्हरपूल, हायडेलबर्ग, नागासाकी काय काय समोर येतं, कुठे एमपीएच म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ लिहिलेलं असतं कुठे एमएस्सी ग्लोबल हेल्थ, आणि रात्री बारापर्यंत वाचून काहीच ठरत नाही.

हे मनात का आलं ते सांगते म्हणजे उत्तर द्यायला बरं पडेल. आमच्याकडे काजूच्या मोसमात माकडतापाचं काम असतं, जंगलातल्या गोचिडी चावून होतो तो ताप, माकडंही त्याने मरतात. मेलेलं माकड दिसलं की कळवायचं, तापाचा पेशंट आला की तो काजूत गेलेला का विचारायचं, रक्त घ्यायचं, आणि बागेत जाणाऱ्यांना गोचिडी चावू नयेत म्हणून अंगाला लावायचं डेपा तेल वाटायचं. तेल दिलं की रजिस्टरात सही घेतो. एकदा मी दुसऱ्या कामासाठी त्याच वाड्यावर परत गेले तर एका काकींच्या घरी बाटली देवळीत तशीच, बूचसुद्धा उघडलेलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, "बाय, तेलाच्या हातांनी बोंडू गोळा केले तर रसाला वास लागतो, भट्टीवाला घेत नाय." त्यांचंही खरं आहे, बोंडूचा रस फेणीच्या भट्टीला जातो आणि त्या दीडदोन महिन्यांतच वर्षाचे पैसे होतात. आणि आमच्या रजिस्टरात त्या घरासमोर तेल दिले असं लिहिलेलं आहे, सहीसकट. हे कोणाला सांगायचं, बाकीच्या वाड्यांवरही असंच आहे का हे कसं शोधायचं, शोधलं तरी माझ्यासारखीचं कोण ऐकणार, काही कळत नाही, म्हणून शिकायचंय.

तर विचारायचं होतं की एमपीएच आणि ग्लोबल हेल्थमध्ये फरक काय, डॉक्टर नसलेल्यांना किती वाव आहे, बारावीनंतर गणिताशी संबंध नाही तर झेपेल का, आणि पैशांचं कसं. घरी बाबा म्हणतात आधी सरकारात पर्मनंट हो मग काय ते शिक. त्यांचं चुकतं असंही वाटत नाही.

पर्वरीची_ताई

बाय, तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लांब लिहितेय. मी लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमधून एमएस्सी केलं, मीसुद्धा डॉक्टर नाही, आणि आता इथेच गोव्यात रिसर्चमध्ये काम करते.

फरकाचं पहिलं सांगते. एमपीएच ही कामाची डिग्री समजली जाते, एपिडेमिऑलॉजी (आजार कुणाला, किती आणि का होतो याचा अभ्यास), बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याच्या आकड्यांचं शास्त्र), आरोग्य व्यवस्था, आरोग्याचं अर्थशास्त्र, पर्यावरण हे सगळं थोडं थोडं येतं आणि बहुतेक ठिकाणी फील्डमध्ये काम करावं लागतं. ग्लोबल हेल्थच्या एमएस्सीत त्याच गोष्टी असतात पण भर देशादेशांतल्या विषमतेवर, पैसा कुठून येतो आणि कोण ठरवतं यावर, डब्ल्यूएचओ, मोठे दाते, औषधांची पेटंट वगैरे. पण नावावर जाऊ नकोस, मॉड्यूलची यादी उघड आणि बघ की एपिडेमिऑलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स किती आहे आणि क्वालिटेटिव्ह रिसर्च शिकवतात की नाही. तुझ्या काकींच्या बाटलीसाठी तुला दोन्ही लागणार. किती घरांत तेल लावतच नाहीत हा आकड्याचा प्रश्न, आणि का लावत नाहीत हा लोकांबरोबर बसून बोलायचा, दोन्हीच्या पद्धती वेगळ्या आणि दोन्ही शिकाव्या लागतात.

गणिताची भीती मनातून काढून टाक. बायोस्टॅटिस्टिक्समध्ये हिशोब कॉम्प्युटर करतो, आर किंवा स्टाटा नावाचं सॉफ्टवेअर असतं, आपल्याला कळायला लागतं ते हे की हा आकडा कशातून आला आणि त्यावर विश्वास ठेवायचा का. तू रजिस्टरातलं शंभर टक्के वाटप आणि देवळीतली बंद बाटली यातला फरक पाहिलास ना, निम्मं एपिडेमिऑलॉजी तेच आहे. वाटप मोजलं, वापर मोजला नाही.

आता एक गोष्ट आपल्या गोव्याची, कारण बऱ्याच गोंयकारांना ही माहीतच नसते. १९९६ साली मानसोपचार तज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे संगाथ संस्था सुरू केली. त्यांनी असा प्रश्न घेतला की डिप्रेशनचे एवढे पेशंट आणि मानसोपचार तज्ज्ञ मोजके, मग वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसांना शिकवून त्यांच्याकडून समुपदेशन केलं तर फरक पडतो का. मानस नावाचा तो अभ्यास २०१० मध्ये लॅन्सेट या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आला. २४ दवाखाने घेतले होते, १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खाजगी जनरल प्रॅक्टिशनर. आणि चिठ्ठ्या पेशंटच्या नाही तर दवाखान्यांच्या टाकल्या, म्हणजे अख्खा दवाखाना एक तर नव्या पद्धतीत नाहीतर जुन्या. एकाच दवाखान्यात निम्म्यांना समुपदेशन दिलं आणि निम्म्यांना नाही तर डॉक्टर तोच, बाकावर बाजूला बसलेले पेशंट एकमेकांशी बोलणार, सगळी सरमिसळ होणार. निकाल काय आला तर सरकारी केंद्रांत पेशंट जास्त बरे झाले, खाजगीत मात्र फरक दिसला नाही. असं का झालं असेल यावर क्लासात तासभर वाद होऊ शकतो. खाजगी डॉक्टर पेशंटला आधीपासून ओळखतो, वेळ देतो, हे एक कारण मांडतात.

नंतर २०१७ मध्ये याच धर्तीवर सहाआठ बैठकांचा उपचार गोव्याच्या आरोग्य केंद्रांत तपासला गेला, तोही लॅन्सेटमध्ये आला. ही पद्धत आज जगभर शिकवतात. माझ्या बॅचमध्ये आफ्रिकेतली मुलं होती, त्यांना गोव्याच्या आरोग्य केंद्रांबद्दल इथल्या लोकांपेक्षा जास्त माहीत होतं. मला त्या वर्गात बसून अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं की हे मला माझ्या घरापासून दहा मिनिटांवर कोणी सांगितलं नव्हतं.

पैशांचं खरं सांगायचं तर लंडनचं एक वर्ष फी आणि राहणं धरून ५० लाखांच्या घरात जातं, स्कॉलरशिपशिवाय जाऊ नकोस. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग स्कॉलरशिपला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुझा होत आला असेल, आणि त्यात नंतर दोन वर्षं भारतात परत यायची अट असते. कॉमनवेल्थ स्कॉलरशिप आहे. जमशेदजी टाटा एंडाउमेंटची कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, ती १८९२ पासून चालू आहे. गोव्याचं म्हणशील तर मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना आणि शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज, दोन्हींच्या अटी दरवर्षी नीट वाचून घे. आणि लंडन स्कूलचंच पब्लिक हेल्थचं एमएस्सी घरबसल्या डिस्टन्सनेही करता येतं, नोकरी सांभाळून, खर्च बराच कमी.

पेडण्याचो_सायबिणकार

ताईंनी छान लिहिलंय पण माझं मत थोडं वेगळं आहे म्हणून लिहितो. मी बीडीएस करून त्रिवेंद्रमच्या अच्युत मेनन सेंटरला एमपीएच केलं. तिथे हा कोर्स १९९७ पासून चालू आहे आणि फी परदेशाच्या मानाने काहीच नाही. मुंबईचं टिस आहे, पुणे विद्यापीठात आहे, मणिपाल तर आपल्याला रेल्वेने एका दिवसात येऊन जाण्यासारखं, बेळगावला केएलईमध्ये आहे. कोलकात्याची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन १९३२ सालची आहे. म्हणजे हा विषय भारतात काल आलेला नाही.

माझा मुद्दा असा आहे की बाहेर जायचंच असेल तर प्रश्न घेऊन जावं, प्रश्न शोधायला जाऊ नये. आपल्याच महाराष्ट्रात बघ. रजनीकांत आणि मेबल आरोळे आधी नगर जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करत होते, तेच तेच आजार परत परत येतात हे बघून वैतागले, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन पब्लिक हेल्थ शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला येऊन गावातल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. अभय आणि राणी बंगही वर्ध्याच्या आसपास गावांत काम करून मग हॉपकिन्सला गेले, १९८४ मध्ये एमपीएच घेऊन आले आणि गडचिरोलीत बसले. त्यांनी नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला गावातल्याच बायका तयार केल्या, ३९ गावांत ते काम आणि बाजूच्या ४७ गावांत नेहमीसारखं, आणि १९९९ च्या लॅन्सेटमध्ये आकडा आला की नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. नंतर तीच पद्धत आशांमार्फत देशभर गेली. हॉपकिन्समध्ये त्यांना मिळाली ती मोजायची पद्धत, प्रश्न त्यांचा त्यांच्याकडे होताच.

तुझ्याकडेही प्रश्न आहे. तो धरून ठेव. पण मी तुझ्या जागी असतो तर आधी इथे एमपीएच केलं असतं आणि थीसिस सत्तरीतच केला असता. लंडनला एका वर्षात सगळं उरकायचं असतं, थीसिस उन्हाळ्यात दोनतीन महिन्यांत, तेव्हा काजू संपलेला असतो आणि सत्तरीत धो धो पाऊस. तुला हवं ते मार्च-एप्रिलमध्ये बागेत उभं राहूनच कळणार.

आणि आशांवरून आठवलं, आशा कार्यकर्त्या बाकी सगळ्या राज्यांत आहेत, गोव्यात नाहीत. मग तेलाची बाटली घरी नेऊन देणारं आणि आठवड्याने परत जाऊन बघणारं माणूस आपल्याकडे कोण? एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका), एमपीएचडब्ल्यू (आरोग्य कर्मचारी) आणि तुझ्यासारख्या नर्स. यावरसुद्धा कोणीतरी नीट अभ्यास करायला हवा असं मला फार वाटतं.

मडगांव_लिस्बोआ

कोणी पोर्तुगालचं लिहिलं नाही म्हणून. लिस्बनला हायजीन आणि ट्रॉपिकल मेडिसिनची इन्स्टिट्यूट आहे, १९०२ सालची, लंडन आणि लिव्हरपूलच्या शाळा निघाल्या त्याच सुमाराची, सगळ्यांना तेव्हा आपापल्या वसाहती सांभाळायच्या होत्या. आपल्या पणजीची वैद्यकीय शाळा तर १८४२ ची, तिचंच पुढे गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज झालं. तर ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेत आणि ज्यांनी पोर्तुगीज नॅशनॅलिटी केलीय त्यांना युरोपात बऱ्याच ठिकाणी युरोपियन विद्यार्थ्यांचीच फी लागते, खूप फरक पडतो. मात्र तसं केलं की भारतीय नागरिकत्व जातं, सरकारी नोकरीचा विषय संपतो, म्हणून नुसत्या फीसाठी कोणी करू नये. आणि ब्रेक्झिटनंतर युकेत त्याचा उपयोग नाही. नॉर्वेत पूर्वी सगळ्यांना फुकट होतं, २०२३ पासून बाहेरच्यांना फी लावली, जुने ब्लॉग वाचून कोणी फसू नका.

डिचोलीकर७७

मी थोडं नोकरीचं लिहितो, कारण मुलं कर्ज काढून जातात आणि हे कोणी आधी सांगत नाही. मी बरीच वर्षं वेगवेगळ्या हेल्थ प्रोजेक्टवर काम केलंय.

२०२५ मध्ये अमेरिकेची इतर देशांना मदत देणारी यूएसएआयडी बंद झाली, अमेरिकेने डब्ल्यूएचओतून बाहेर पडायचं जाहीर केलं, त्यामुळे जगभर टीबी, एचआयव्ही, लसीकरणाच्या प्रोजेक्टवरच्या खूप लोकांच्या नोकऱ्या गेल्या. ही अनुभवी माणसं आता त्याच जागांसाठी अर्ज करतायत. म्हणून ग्लोबल हेल्थ केलं की जिनिव्हाला डब्ल्यूएचओत नोकरी असं आत्ता कोणी समजू नये. आपल्याकडे डब्ल्यूएचओच्या सर्व्हेलन्स मेडिकल ऑफिसरच्या जागेला एमबीबीएस लागतं, सरकारात वरच्या जागांवरही डॉक्टरच जातात. नर्सला प्रोग्राम मॅनेजर, रिसर्च कोऑर्डिनेटर, एनएचएमचे (राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे) कंत्राटी कन्सल्टंट, एनजीओ, आणि पुढे पीएचडी करून शिकवणं हे रस्ते आहेत, पगार सुरुवातीला परमनंट स्टाफ नर्सपेक्षा कमीसुद्धा असू शकतो. बाबांचं म्हणणं त्या अर्थाने हिशोबाचं आहे.

पण हे सगळं लिहून मी तुला करू नकोस म्हणत नाहीये. उलट कर. गोव्यात हे ज्ञान असलेली माणसं लागतायत. कळंगुट-कांदोळी बाजूला नव्वदच्या दशकात मलेरिया वाढला तेव्हाचं मला आठवतंय, बांधकामं जोरात, साचलेलं पाणी, टाक्या, विहिरी, बाहेरून आलेले मजूर तिथेच झोपायचे. तेव्हा नुसती फवारणी करून भागलं नाही, पाण्यात जैविक अळीनाशकं सोडली, अळ्या खाणारे मासे सोडले, मजुरांची रक्ततपासणी आणि हेल्थ कार्ड आलं. रेबीजचंही तसंच, मिशन रेबीज या संस्थेने आणि सरकारने वर्षानुवर्षं गल्लोगल्ली जाळी घेऊन कुत्रे पकडून लस दिली, कुठल्या वाड्यावर किती कुत्रे राहिले हे फोनवरच्या ॲपमध्ये नोंदवत. माणसांमधले रेबीजचे मृत्यू जवळजवळ थांबले ते या लसीकरणामुळे आणि त्या नोंदींमुळे. तिथेही वाटप नाही मोजलं, लस घेतलेल्या कुत्र्याला रंगाची खूण करून मग परत फिरून खुणेचे किती दिसतात ते मोजलं. बाय, तुझ्या तेलाला अशीच काहीतरी तपासणी लागेल.

सत्तरीची_बाय

सगळ्यांचे मनापासून आभार, आईला वाचून दाखवलं सगळं. कुत्र्यांच्या रंगाचं ऐकून डोक्यात चक्र सुरू झालं, म्हणजे महिन्याने जाऊन बाटलीत तेल किती उरलंय ते बघितलं तरी काही कळेल ना? एक शंका आहे. आमच्याकडे काजूला दोडामार्गहून आणि खानापूर-बेळगाव बाजूनेही माणसं येतात, मोसम संपला की जातात, आजारी पडली तर तिकडे पडणार. ती आमच्या कुठल्याच रजिस्टरात नाहीत. त्यांचं काय करायचं? आणि हे ग्लोबल हेल्थमध्ये येतं का, की ते फक्त आफ्रिका वगैरेचं असतं?

पर्वरीची_ताई

येतं गो, येतंच. माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला, नंतर कितीतरी वर्षं तो कर्नाटकातलाच समजला जायचा, २०१५ च्या सुमारास सत्तरीत आला, २०१६ मध्ये दोडामार्गला केर गावात. सुरुवातीला आपले नमुने मणिपालला जायचे. म्हणजे तीन राज्यं, तीन आरोग्य खाती, वर वनखातं आणि पशुसंवर्धन खातं, आणि आजार एकच. माणूस, जनावर आणि जंगल एकत्र बघायचं याला वन हेल्थ म्हणतात आणि आता बहुतेक सगळ्या कोर्सेसमध्ये ते मॉड्यूल असतं. हंगामी मजूर नोंदीतून सुटतात हा प्रश्न केनियातल्या माणसालाही पडलेला असतो आणि व्हिएतनाममधल्यालाही, त्यांनी काय केलं ते वाचायला मिळतं, हाच खरा फायदा.

उरलेलं तेल बघायची कल्पना चांगली आहे, फक्त एक धोका लक्षात ठेव. तू बघायला येणार हे कळलं की लोक ओतून टाकतील, तुला वाईट वाटू नये म्हणूनच. म्हणून बाटलीबरोबर बोलणंही हवं, आणि ते तेल देणाऱ्या माणसाने न विचारता दुसऱ्या कोणी विचारलेलं बरं. भट्टीवाल्यांशीही बोल. रसाला खरंच वास लागतो की त्यांचा समज आहे, हे कोणीच विचारलेलं नसणार. खरंच लागत असेल तर काकींना तेल लावा म्हणून समजावण्यात काही अर्थ नाही, पायाला तेल आणि हात मोकळे किंवा हातमोजे असं काहीतरी शोधावं लागेल, आणि ते त्यांनाच विचारून.

पेडणेकरांचं मोसमाबद्दलचं म्हणणं मला पटलं, ते मी धरलं नव्हतं. मग असं कर, यंदा अर्ज भारतातल्या कोर्सेसनाही कर आणि चेव्हनिंगलाही, तो साधारण ऑगस्टला उघडतो. नोकरी अजिबात सोडू नकोस, येणारा काजूचा मोसम तिथेच काढ. वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी सांगून ठेव, लेखी परवानगी घे, घराघरांतली माहिती लिहून काढायची तर एथिक्स कमिटीचीही लागते, तिच्याशिवाय नावं लिहू नकोस. तोवर फक्त स्वतःच्या वहीत काय दिसलं ते तारखेसकट.

पेडण्याचो_सायबिणकार

आणि शिफारसपत्रं आत्ताच सांगून ठेव. एक नर्सिंग कॉलेजच्या मॅडमचं आणि एक आत्ताच्या कामाचं, दोन्हीत तू फील्डमध्ये काय केलंस ते स्पष्ट यायला हवं, नुसतं मेहनती आणि प्रामाणिक लिहिलेलं चालत नाही. ट्रान्सक्रिप्ट काढायला वेळ लागतो, त्याचा अर्ज याच आठवड्यात टाक. त्रिवेंद्रमच्या प्रवेश परीक्षेचे जुने पेपर माझ्याकडे आहेत, मेसेज कर, पाठवतो.